पेनड्राइव्हमधल्या फोल्डरांचे शॉर्टकट का होतात, आणि फॉरमॅट करूनही व्हायरस परत का येतो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकच्या अंबडला तुमचं लहान मशीन शॉप आहे. ऑफिसात सहा पीसी, त्यातल्या एकावर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, बाकीचे त्याला लॅनने, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कने, जोडलेले. पेनड्राइव्ह लावला की आतल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होतात. दुकानवाल्याने टॅलीचा पीसी दोनदा फॉरमॅट मारून दिला, तरी आठवड्याभरात ये रे माझ्या मागल्या. अँटीव्हायरस विकतचा आहे, फुकटचा नाही. तर व्हायरस येतो कुठून, फॉरमॅटने जात का नाही, आणि टॅलीच्या डेटाला धोका आहे का, असं तुम्ही विचारलंय.

जिवाला घोर नको म्हणून पहिल्यांदा हे सांगतो: तुमचे फोल्डर कुठेही गेलेले नाहीत. ते त्याच पेनड्राइव्हवर आहेत, फक्त लपवलेले आहेत. डेटा रिकव्हरीच्या नावाखाली कुणी दोन-तीन हजार मागत असेल तर देऊ नका, काखेत कळसा आणि गावाला वळसा असा तो प्रकार आहे. एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'खाली 'हिडन आयटम्स' सुरू करा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' या ओळीपुढची खूण काढा. ही दुसरी पायरी बहुतेक जण करत नाहीत आणि मग 'हिडन चालू केलं तरी काही दिसत नाही' म्हणून फोन येतात. हा व्हायरस फोल्डरवर 'हिडन'बरोबर 'सिस्टिम' असाही शिक्का मारतो. म्हणून प्रॉपर्टीजमध्ये हिडनची खूण पुसट दिसते आणि काढता येत नाही. ती काढण्याच्या नादी न लागता आतला माल नव्या फोल्डरमध्ये कॉपी करून घ्या. पण हे आत्ता नाही, पीसी साफ झाल्यावर. क्रम खाली सांगतो.

त्या शॉर्टकटची करामत मात्र एकदा डोळ्यांनी बघा. डबल-क्लिक न करता त्यावर उजवं बटण दाबा, प्रॉपर्टीज उघडा आणि 'टार्गेट'ची ओळ वाचा. साध्या शॉर्टकटमध्ये तिथे फोल्डरचा पत्ता असतो. इथे सुरुवातच 'सीएमडी डॉट ईएक्सई' या हुकूम चालवणाऱ्या प्रोग्रॅमने झालेली दिसेल, त्यापुढे एखाद्या विचित्र नावाची स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची छोटी फाइल, आणि सगळ्यात शेवटी तुमचा फोल्डर. म्हणजे तुम्ही 'जॉबवर्क जुलै' उघडायला गेलात की आधी व्हायरस चालू होतो, मग लगेच खरा फोल्डर उघडतो. काम अडत नाही, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. याचीच एक जास्त हुशार जात आहे: पेनड्राइव्ह उघडला की आत परत पेनड्राइव्हच्याच नावाचा एकच शॉर्टकट दिसतो, आणि तुमचा सगळा डेटा एका बिननावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये सरकवलेला असतो. लोकांना वाटतं पेनड्राइव्हच तसा आहे.

तो एकदा चालला की स्वतःची एक प्रत पीसीवर ठेवतो. बहुतेक वेळा 'अ‍ॅपडेटा' किंवा 'टेम्प'मध्ये, जिथे कुणी फिरकत नाही. विंडोज सुरू झालं की आपणही सुरू व्हावं अशी नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, करून ठेवतो. टास्क मॅनेजरमध्ये 'डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट ईएक्सई' हा स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम दिसत असेल आणि तुम्ही काहीच चालवलेलं नसेल, तर ओळखा. मग तो बसून राहतो आणि नवा पेनड्राइव्ह लागतोय का एवढंच बघत असतो. लागला की काही सेकंदांत त्याचाही तोच खेळ.

आता फॉरमॅटचं कोडं सुटतं. तुमच्या दुकानवाल्याने फॉरमॅट केला तो टॅलीचा पीसी, कारण तक्रार तिथून आली. बाकीचे पाच पीसी आणि ऑफिसात, शॉप फ्लोअरवर फिरणारे पेनड्राइव्ह तसेच राहिले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नव्याकोऱ्या विंडोजमध्ये पहिला पेनड्राइव्ह लागला, कुणीतरी फोल्डर उघडला, झालं. शिवाय फॉरमॅट म्हणजे बहुधा फक्त सी ड्राइव्ह. डी ड्राइव्हवर 'सॉफ्टवेअर' नावाच्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं जमवलेल्या सेटअप फायली असतात, त्यातली एखादी आजारी असली की तिथूनही परत. आणि एक गोष्ट स्पष्टच बोलतो: तीनशे-चारशे रुपयांत विंडोज टाकून देणारा ते कशाने अ‍ॅक्टिव्हेट करतो हे विचारा. अ‍ॅक्टिव्हेटर चालवायला आधी अँटीव्हायरस बंद करावा लागत असेल, तर त्यासोबत आणखी काय आत आलं हे त्यालाही माहीत नसतं.

फॉरमॅटनंतरही हार्डवेअरमध्ये व्हायरस राहतो का, असंही कुणी विचारतं. १९९९च्या २६ एप्रिलला 'चेर्नोबिल' नावाने गाजलेल्या सीआयएच व्हायरसने मदरबोर्डवरची बायोसची, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, चिप पुसून पीसी अक्षरशः बंद पाडले होते. पण तेही चिपमध्ये लपून बसणं नव्हतं, नासधूस होती. तुमच्या-माझ्या ऑफिसात असला प्रकार जवळपास दिसत नाही. तुमचा व्हायरस परत येतो तो दारातून.

माझं या सगळ्याबद्दलचं मत एका वाक्याचं आहे: तुमच्याकडे फायली ज्या वाटेने येतात, व्हायरस त्याच वाटेने येतो. म्हणून 'कोणता अँटीव्हायरस चांगला' याच्या आधी एका कागदावर लिहून काढा की आपल्या ऑफिसात फाइल कुठून कुठून येते. बँका, मोठे कारखाने लाखो रुपये देऊन हेच करून घेतात. तुमच्यासारख्या युनिटला अर्धा तास पुरतो.

पहिला कॉम्प्युटर व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतात तो पीसीवरचा 'ब्रेन' १९८६ साली लाहोरमधून निघाला आणि फ्लॉपीवर बसून जगभर गेला, कारण तेव्हा फायली फ्लॉपीवरून जात. २००० सालच्या मे महिन्यात 'आय लव्ह यू' ईमेलवरून पसरला, कारण तोवर फायली ईमेलने जाऊ लागल्या होत्या. आज व्हायरस व्हॉट्सअ‍ॅपवरून येणाऱ्या एपीकेमधून, म्हणजे मोबाइल अ‍ॅपच्या फायलीतून, येतो. व्हायरस, वर्म, ट्रोजन, रॅन्समवेअर या नावांत फार अडकू नका. वर्म कुणी हात न लावता नेटवर्कवरून पसरतो, ट्रोजन कामाची वस्तू असल्याचं भासवून आत शिरतो, रॅन्समवेअर फायली कुलूपबंद करून पैसे मागतो. तुमचं सगळ्यांत मोठं नुकसान करू शकतो तो हा शेवटचा, आणि तो वरच्या कोणत्याही वाटेने येऊ शकतो.

तुमच्या शॉपमध्ये पेनड्राइव्हची वाट सगळ्यात रुंद आहे. सातपूर, अंबड, सिन्नर, कुठेही जा, सीएनसी किंवा व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरच फिरतो. प्रोग्रॅमर एका ठिकाणी बसून तीन-चार शॉपची कामं करतो, ऑपरेटर खिशातल्या पेनड्राइव्हवर प्रोग्रॅम घेतो, त्याच पेनड्राइव्हवर गाणी असतात आणि संध्याकाळी तो घरच्या पीसीलाही लागतो. मशीनच्या कंट्रोलरला सहसा काही होत नाही, कारण बहुतेक कंट्रोलर विंडोजवर चालत नाहीत आणि विंडोजची स्क्रिप्ट त्यांना कळत नाही. काही कंट्रोलरच्या आत मात्र चक्क विंडोज असतं, तेही जुनं. तुमच्या मशीनचं मॅन्युअल बघा किंवा सर्व्हिस इंजिनिअरला विचारा.

उपाय महागडा नाही. मशीनसाठी वेगळे दोन-तीन पेनड्राइव्ह घ्या, त्यांना रंगीत टेप लावा आणि ते शॉपच्या बाहेर जाणार नाहीत असं ठरवा. सीएनसीचा प्रोग्रॅम ही साधी मजकुराची फाइल असते, काही केबींची. ती प्रोग्रॅमरने मेलवर पाठवली तरी चालते, पेनड्राइव्हवर आणायची गरजच नाही. बाहेरचा पेनड्राइव्ह लावावाच लागला तर एक पीसी त्यासाठी ठरवून ठेवा, ज्यावर टॅली नाही, बँकेचं काम नाही आणि जो लॅनला जोडलेला नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेने केलेलं 'यूएसबी प्रतिरोध' नावाचं मोफत सॉफ्टवेअर सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मिळतं. कोणत्या पीसीवर कोणता पेनड्राइव्ह चालेल यावर त्याने ताबा ठेवता येतो.

झेरॉक्स-प्रिंटची दुकानं हा पेनड्राइव्हचा दुसरा बाजार. कॉलेज रोडला प्रोजेक्टच्या दिवसांत किंवा कोर्टाच्या आसपास टायपिंगवाल्यांकडे एका पीसीला दिवसभरात किती पेनड्राइव्ह लागत असतील याचा विचार करा. त्या दुकानदाराची यात चूक नाही, धंदाच तसा आहे. प्रिंट काढायची तर पीडीएफ त्यांच्या मेलवर पाठवा. पेनड्राइव्ह दिलाच तर परत आल्यावर तो उघडू नका, फॉरमॅट करूनच वापरा. त्यावर एकमेव प्रत असेल असं काहीही ठेवू नका.

दुसरी वाट क्रॅकची, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरची. इथे माझी सहानुभूती कमी आहे. कोरल, कॅड, मराठी फॉन्टचं पॅकेज, टॅलीसुद्धा, 'फुल व्हर्जन फ्री' म्हणून उतरवलेलं असतं. सोबतच्या सूचनेत लिहिलेलं असतं: आधी अँटीव्हायरस बंद करा, मग 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' दाबा. चोराला किल्ल्या देऊन वर कुत्रा बांधून ठेवायला सांगण्यातलाच हा प्रकार. 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाने ओळखलं जाणारं रॅन्समवेअर मुख्यतः याच वाटेने पसरलं. प्रत्येक फायलीच्या नावापुढे एक नवं शेपूट लागतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची चिठ्ठी पडते: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. वेळ वाचावा म्हणून तो मोठ्या फायलीचा फक्त सुरुवातीचा भाग कुलूपबंद करतो, त्यामुळे भरलेली हार्डडिस्कसुद्धा बघता बघता जाते. छापखाने, फोटो स्टुडिओ आणि डिझाइनवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. तुमच्या शॉपमध्ये कॅड-कॅमचं क्रॅक असेल तर मालकांना हा परिच्छेद दाखवा. सगळं विकत घेणं परवडत नसेल तर मोफत पर्याय आहेत, किंवा क्रॅकचा पीसी तरी टॅलीच्या नेटवर्कमधून बाहेर काढा.

ईमेलबद्दल थोडक्यात, कारण बँका रोज सांगतातच. मशीन शॉपला येणारा फसवा मेल बहुधा 'परचेस ऑर्डर', 'आरएफक्यू' (दर कळवा अशी मागणी) किंवा 'पेमेंट अ‍ॅडव्हाइस' या नावाचा असतो आणि सोबत झिप फाइल असते. विंडोज मुळात फायलीचं शेपूट, म्हणजे नावातल्या शेवटच्या 'डॉट'पुढचा भाग, लपवतं, त्यामुळे 'ऑर्डर डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल तुम्हाला नुसती 'ऑर्डर डॉट पीडीएफ' दिसते, वर पीडीएफचं चित्रही चिकटवलेलं असतं. २००० सालच्या त्या 'आय लव्ह यू'ने याचाच फायदा घेतला होता. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' ही खूण सगळ्या पीसींवर करून ठेवा. एक मिनिटाचं काम आहे आणि मी देखभालीचं वार्षिक कंत्राट घेतलेल्या प्रत्येक ऑफिसात ते पहिल्या दिवशी करतो.

यातली एक बारीक गोष्ट फार कुणी सांगत नाही. इंटरनेटवरून आलेल्या वर्ड-एक्सेल फायलींमधले मॅक्रो, म्हणजे आत दडलेले छोटे प्रोग्रॅम, मायक्रोसॉफ्टने २०२२पासून आपोआप रोखायला सुरुवात केली. फाइल बाहेरून आली आहे हे विंडोजला कळतं ते फायलीसोबत ठेवलेल्या एका अदृश्य खुणेवरून. ही खूण एनटीएफएस या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवरच टिकते. पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात. म्हणजे मेलवर आलेली एक्सेल फाइल कुणी पेनड्राइव्हवर घेऊन तुमच्या पीसीवर आणली की ती खूण गळून पडते आणि विंडोज तिला घरचीच समजतं. मॅक्रो चालू करा म्हणणारी फाइल पेनड्राइव्हवरून आली असेल तर ती जास्त संशयाने बघा.

तिसरी वाट मालकांच्या सोयीसाठी केलेली असते. घरी बसून टॅली बघायची म्हणून राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे लांबून पीसी चालवायच्या सोयीचं, ३३८९ नंबरचं पोर्ट (दार) थेट इंटरनेटला उघडून दिलेलं असतं. पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३. असं उघडं पोर्ट जगभर शोधत फिरणारे प्रोग्रॅम आहेत, ते अहोरात्र पासवर्ड लावून बघत असतात. नाशिक लहान आहे, आमच्याकडे कोण बघतंय, हे त्यांच्या हिशेबात नसतं. त्यांना फक्त आयपी नंबर दिसतो. पासवर्ड लागला की माणूस स्वतः आत येतो, रात्रीच्या वेळी, अँटीव्हायरस हाताने बंद करतो, बॅकअप शोधून उडवतो आणि मग रॅन्समवेअर चालवून निघून जातो. पेनड्राइव्हचा व्हायरस त्रास देतो, हा धंदा बसवतो. तुमच्याकडे असं काही आहे का हे राउटर बसवणाऱ्याला आजच विचारा. असेल तर पोर्ट बंद करायला लावा आणि बाहेरून यायचंच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे खाजगी बंदिस्त जोडणीतून, या.

आता टॅलीच्या डेटाकडे येतो, कारण धोका आहे, पण तुम्ही समजता तिथून नाही. शॉर्टकटचा व्हायरस टॅलीला हात लावणार नाही. मात्र तुमचा डेटा फोल्डर लॅनवर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' (सगळ्यांना सगळे अधिकार) असा शेअर केलेला असणार, कारण टॅली मल्टियूजर बसवणारे सरळ तसंच करून जातात. म्हणजे सहापैकी कोणत्याही पीसीवर रॅन्समवेअर चाललं तरी त्याला तो फोल्डर लिहायला मोकळा. स्टोअरच्या पोराने गाण्यासाठी काहीतरी उतरवलं आणि गेले तुमचे हिशेब. शेअरवर फक्त टॅली वापरणाऱ्यांचीच नावं ठेवा. विंडोजमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' नावाची सोय आहे. विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर चालू असेल तरच ती चालते; तसं असेल तर ती सुरू करून टॅलीचा डेटा फोल्डर त्यात टाका आणि टॅलीला तेवढी परवानगी द्या. त्याच पीसीवरच्या अनोळखी प्रोग्रॅमला मग त्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. सुरुवातीला एखादा खरा प्रोग्रॅमही अडेल, त्यालाही परवानगी देत जा.

आणि बॅकअप. 'आम्ही रोज घेतो' असं सगळेच म्हणतात. कुठे घेता विचारलं की 'डी ड्राइव्हवर'. रॅन्समवेअरला सी आणि डी सारखेच. कायम लावून ठेवलेली एक्स्टर्नल हार्डडिस्कही त्याला दिसते. विंडोज स्वतः ठेवतं त्या जुन्या प्रती (शॅडो कॉपी) तो आधीच पुसून टाकतो. गूगल ड्राइव्हला सिंक केलं असेल तर बिघडलेल्या फायलीही इमानेइतबारे वर जातात. तिथे जुन्या आवृत्त्या ३० दिवस राहतात म्हणून काही वाचतं, पण फायली हजारांत असल्या की एकेक परत आणताना घाम फुटतो. म्हणून दोन हार्डडिस्क घ्या. एक या आठवड्यात, दुसरी पुढच्या. बॅकअप झाला की वायर काढायची. जी वापरात नाही ती मालकांच्या घरी. महिन्यातून एकदा त्यातला बॅकअप दुसऱ्या पीसीवर टॅलीत रिस्टोअर करून उघडून बघा, कालच्या तारखेची व्हाउचर दिसतात का ते. उघडून न बघितलेला बॅकअप मी बॅकअपमध्ये मोजत नाही.

जाता जाता, डिजिटल सहीचं टोकन पीसीला लावून ठेवून जेवायला जाऊ नका. काम झालं की काढून ड्रॉवरमध्ये.

अपडेटचा सगळ्यांना कंटाळा येतो, मलाही येतो, पण २०१७ आठवा. विंडोजमधली एक खोट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला बुजवली. १२ मे रोजी वॉनाक्राय आलं तेव्हा ज्यांनी ते दोन महिन्यांपूर्वीचं अपडेट टाकलं नव्हतं त्यांच्यात ते कुणी क्लिक न करता नेटवर्कवरून पसरलं. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आलं. ते निघालं युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आणि त्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा झोपवली. आपल्या जिल्ह्यातली द्राक्षं आणि कांदा जिथून जहाजात चढतो त्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही त्यात ठप्प झालं. अपडेट रोखून धरू नका. रात्री पीसी बंद करताना 'अपडेट अँड शट डाउन' आलं तर तेच दाबा. विंडोज ७ला सुरक्षेची अपडेट १४ जानेवारी २०२०पासून बंद आहेत आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तुमच्या सहापैकी कशावर काय आहे ते बघून ठेवा.

अँटीव्हायरसबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून. विकतचा आहे, चांगलं आहे, राहू द्या. त्याची मुदत संपलेली नाही ना आणि व्हायरस ओळखायच्या त्याच्या याद्या आजच्या तारखेच्या आहेत ना, एवढं बघा. नसता तर विंडोज १० आणि ११मधला डिफेंडरसुद्धा लहान ऑफिसला पुरेसा आहे, फक्त तो कुणी परस्पर बंद करू नये म्हणून असलेलं 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू हवं. दोन-दोन अँटीव्हायरस एकत्र घालू नका, ते एकमेकांशीच झगडतात आणि पीसी रडतो. आपल्या भागात क्विक हील जास्त दिसतो. पुण्यातल्या काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या दुकानातून तो उभा केला, तेही याच कारणासाठी: दुरुस्तीला येणारे पीसी व्हायरसचे असत. पण कोणताही अँटीव्हायरस मुख्यतः ओळखीचे चेहरे पकडतो. आज सकाळी तयार झालेली स्क्रिप्ट तो दुपारी ओळखेलच असं नाही. शिवाय तुमच्या पीसीवर रोजचं काम अ‍ॅडमिन यूजरवर चालत असेल, तर आत शिरलेल्याला तो बंद करण्याचाही अधिकार मिळतो. सगळ्यांसाठी 'स्टँडर्ड' यूजर करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकाकडेच ठेवा. यानेही स्क्रिप्ट पूर्ण थांबत नाही, यूजरच्या स्वतःच्या फायली तरीही धोक्यात असतात, पण कुणी परस्पर क्रॅक टाकणं मात्र बंद होतं.

मोबाइलचं एवढंच: लग्नपत्रिका, आरटीओचं चलान किंवा पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉट एपीके' फाइल आली तर ती पत्रिका नाही, अ‍ॅप आहे. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ओटीपी पुढे पाठवतं. भाऊबंदांच्या ग्रुपवर मामाच्या नंबरवरून आली म्हणजे मामाचा फोन आधीच गेलाय. टाकलंच गेलं असेल तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि मग अ‍ॅप काढा. ऑफिसच्या पीसीवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं असेल तर तिथे आलेल्या झिप फायलींनाही हाच नियम.

आता तुमची साफसफाई. साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरा, कारण एक जरी पीसी सुटला तरी मेहनत पाण्यात. आदल्या दिवशी ऑफिसातले, शॉपमधले, मालकांच्या गाडीतले, ऑपरेटरांच्या खिशातले झाडून सगळे पेनड्राइव्ह एका डब्यात जमा करा. कुणाला रागावू नका. रागावलात की अळीमिळी गुपचिळी होते आणि एखादा पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये राहून जातो. टॅलीचा बॅकअप नव्या हार्डडिस्कवर घ्या. मग लॅनच्या वायरी काढा आणि एकेक पीसी घ्या. अँटीव्हायरस अपडेट करायला तेवढ्यापुरतं इंटरनेट द्या, मग 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. विकतचा अँटीव्हायरस बसलेला असेल आणि हा पर्याय दिसत नसेल, तर त्याचंच बूट होताना चालणारं स्कॅन चालवा. विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होत असल्याने लपून बसलेल्याला हालचाल करता येत नाही. नंतर टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप'मध्ये अनोळखी नाव राहिलंय का ते बघा. सेटिंग्जमध्ये जाऊन 'ऑटोप्ले' बंद करा. सहाही पीसी झाल्यावर पेनड्राइव्हचा डबा उघडा: वर सांगितल्याप्रमाणे लपवलेले फोल्डर दिसते करा, फक्त ओळखीच्या फायली नव्या फोल्डरमध्ये घ्या, शॉर्टकट आणि स्क्रिप्ट कॉपी करू नका, मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि टेप लावून वाटा. प्रोग्रॅमरच्या आणि टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसलाही फोन करून सांगा, नाहीतर सोमवारी तिथूनच परत येईल.

पुढेमागे कधी फायलींची नावं बदललेली आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसली, तर घाईने फॉरमॅट करू नका. लॅनची वायर उपटा, चिठ्ठीचा फोटो काढा, ती डिस्क काढून बाजूला ठेवा. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही अँटीव्हायरस कंपन्यांसह २०१६मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर काही जातींच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज नसली तरी उद्या येऊ शकते. तक्रार सायबर पोलिसांकडे आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशी घटना कळल्यापासून ६ तासांत त्यांनाही कळवायची असते. पैसे भरू नका असं माझं ठाम मत आहे. भरल्यावर किल्ली मिळेलच याची हमी देणारा तोच असतो ज्याने कुलूप लावलं.

राहिला तुमच्या क्वालिटी रूममधला सीएमएम, म्हणजे तयार भागांची मापं घेणाऱ्या, मशीनचा पीसी, ज्याचा तुम्ही शेवटी ओझरता उल्लेख केलाय. त्या मशीनचं सॉफ्टवेअर आणि डोंगल (सॉफ्टवेअरची यूएसबी किल्ली) नव्या विंडोजवर चालत नसेल तर तो पीसी जुनाच राहणार, त्याला इलाज नाही. अशा पीसीला इंटरनेट अजिबात नको आणि लॅनही शक्यतो नको. रिपोर्ट बाहेर काढायला एकच टेप लावलेला पेनड्राइव्ह, आणि तो दर वेळी लावण्याआधी साफ पीसीवर फॉरमॅट केलेला. चालू स्थितीत असतानाच त्याच्या हार्डडिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून ठेवा, कारण तो बसला तर सेटअपची सीडी शोधण्यात आठवडा जातो. त्यावर विंडोज कोणतं आहे आणि रिपोर्ट सध्या लॅनवरून जातात की पेनड्राइव्हवरून, एवढं बघून कळवा. त्यावरून पुढची मांडणी सांगतो.